समाजवादी समाजात पोलीस कशासाठी? पुण्यातील अभ्यासवर्गासाठी एक आखणी

पुण्यात समाजवादावरचे अभ्यासवर्ग काही कमी झालेले नाहीत. जमीन, कारखाने, सहकार, जात, स्त्रीमुक्ती, शेतमालाचे भाव या विषयांवर तासन्‌तास चर्चा होते. पोलीस हा विषय मात्र बहुधा राज्यसंस्थेवरच्या व्याख्यानात दहा मिनिटांत आटोपला जातो. कार्यकर्त्यांजवळ आजच्या पोलिसांविषयी तक्रारींची भलीमोठी यादी असते; पण उद्या आपल्या विचारांचे सरकार आले तर कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीचे काय करायचे, असे विचारले की दोनच उत्तरे पुढे येतात. शोषण संपले की गुन्हे संपतील आणि पोलीस लागणारच नाहीत, हे एक. आणि पोलीस हवेतच, फक्त ते आपले असतील, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे आळसातून आलेली आहेत असे माझे मत आहे, आणि त्या दोन्हींची नीट उलटतपासणी करता यावी यासाठी चार बैठकांचा अभ्यासवर्ग कसा आखावा, हे पुढे मांडले आहे.

आरंभीच प्रश्न नेमका करून घ्यावा. "पोलीस हवेत की नकोत" असा प्रश्न ठेवला तर पहिल्या अर्ध्या तासात दोन तट पडतात आणि मग कोणीच आपली जागा सोडत नाही. त्याऐवजी फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत आणि ते चारही बैठकांत पुसू नयेत: दंडशक्ती कोणत्या कामासाठी वापरायची, ती कोणाच्या आदेशाने वापरायची, आणि ती वापरणाऱ्याला जाब कोणी विचारायचा.

माणसे, जागा आणि पूर्वतयारी

वर्गाला पंधरा ते वीस माणसे पुरेत. त्याहून अधिक झाली की चर्चा बाजूला राहून भाषणे सुरू होतात. एकाच गोतावळ्यातली माणसे भरू नयेत. ज्यांचा पोलिसांशी रोजचा संबंध येतो असे निदान चार-पाच जण हवेत: पथारीवाले, रिक्षाचालक, हमाल, शिवाजीनगरच्या न्यायालयात फौजदारी काम करणारा एखादा वकील. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतील कचरावेचक स्त्रियांचा अनुभव या विषयात विशेष मोलाचा आहे. पहाटे पोते घेऊन फिरणाऱ्या बाईकडे चोर म्हणून पाहिले जाणे ही त्यांची जुनी तक्रार; महापालिकेने मान्य केलेले ओळखपत्र हाती आल्यावर तिला हटकणाऱ्याच्या बोलण्यात काय फरक पडला, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. पारधी समाजातील कोणी येऊ शकत असेल तर अवश्य बोलवावे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी माणसांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले आणि तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कागदावरून पुसला गेला. पोलीस ठाण्यातल्या नजरेतून तो किती पुसला गेला हे ऐकल्यावाचून समाजवादी पोलीस ही कल्पना पुस्तकीच राहते.

एखादा निवृत्त हवालदार किंवा फौजदार मिळवण्यासाठी खटपट करावी. सेवेतील पोलिसांना सेवानियमांमुळे अशा वर्गात मोकळेपणाने बोलता येत नाही, म्हणून त्यांना भरीस घालू नये. निवृत्त गृहस्थांना मात्र पाहुणे वक्ते म्हणून तासाभरासाठी न बोलावता चारही बैठकांना सभासद म्हणून बसवावे. त्यांच्यासमोर "पोलीस म्हणजे भांडवलदारांचे हस्तक" असे वाक्य उच्चारताना बोलणाऱ्याला आपले म्हणणे तपासून घ्यावे लागते, आणि पंचवीस वर्षे बंदोबस्त केलेल्या माणसालाही आपण नेमके कोणाचे रक्षण करत होतो हे पुन्हा आठवावे लागते.

जागेसाठी पर्वतीजवळचे साने गुरुजी स्मारक किंवा नवी पेठेतील एस. एम. जोशी सोशालिस्ट फाउंडेशनचे सभागृह सोयीचे आहे. तरी निदान पहिली बैठक एखाद्या वस्तीतल्या समाजमंदिरात घ्यावी, कारण पोलिसांविषयी नवी पेठेत जे बोलले जाते आणि जनता वसाहतीत जे बोलले जाते त्यांत बराच फरक असतो.

तयारी महिनाभर आधी सुरू करावी लागते, आणि त्याचे कारण माहिती अधिकाराचा अर्ज हे आहे. जवळच्या पोलीस ठाण्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपये शुल्क भरून अर्ज द्यावा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. ठाण्यातील मंजूर पदे किती व भरलेली किती, गेल्या तीन महिन्यांत बंदोबस्तासाठी ठाण्याबाहेर किती मनुष्यबळ पाठवले, किती साप्ताहिक सुट्ट्या रद्द झाल्या, आणि दखलपात्र व अदखलपात्र गुन्ह्यांची संख्या किती, एवढेच विचारावे. तपासाधीन गुन्ह्यांचा तपशील मागू नये. तो नाकारता येतो, आणि त्या एका मुद्द्यासाठी सगळा अर्ज रेंगाळतो. ठाणे प्रत्यक्ष पाहायचे असल्यास महाराष्ट्र पोलीस स्थापना दिनाचा, म्हणजे २ जानेवारीपासूनचा, आठवडा सोयीचा. त्या दिवसांत शाळा-महाविद्यालयांना ठाणी दाखवली जातात आणि वरिष्ठ निरीक्षकांना दिलेल्या साध्या अर्जावर काम होऊ शकते.

वर्तमानपत्रांतील मनाई आदेशांची कात्रणेही जमवून ठेवावीत. त्यांचा उपयोग पहिल्याच बैठकीत होतो.

पहिली बैठक: ठाण्याचा एक दिवस

या बैठकीत समाजवाद हा शब्द शक्यतो उच्चारू नये. निवृत्त हवालदारांनी सकाळच्या हजेरीपासून ठाण्याचा एक दिवस सांगावा आणि बाकीच्यांनी प्रत्येक काम वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घ्यावे. चिठ्ठ्या भराभर साठतात: ठाणे अंमलदारासमोर आलेली हरवलेल्या मोबाइलची तक्रार, नवरा दारू पिऊन मारतो म्हणून आलेली बाई, टँकरच्या रांगेतली मारामारी, मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त, मोर्चाची परवानगी, बेवारस मृतदेहाचा पंचनामा, न्यायालयात हजर करायचे आरोपी, रस्त्यावर भ्रमिष्ट अवस्थेत सापडलेला माणूस, आईवडिलांना घराबाहेर काढणारा मुलगा, पासपोर्टची पडताळणी, कारखान्याच्या फाटकासमोरचा संप, समन्स बजावणे, गणपती मंडळांची बैठक.

मग या चिठ्ठ्यांचे ढीग करावेत. कोणत्याही समाजात कोणाला तरी करावेच लागेल असे काम एका बाजूला: खून, बलात्कार, अपघात, हरवलेले मूल. मालमत्तेचे आणि मालकाचे रक्षण हा दुसरा ढीग, आणि सत्तेचे रक्षण, म्हणजे मोर्चे, गोपनीय माहिती, बड्यांचा बंदोबस्त, हा तिसरा. शेवटी एक ढीग उरतो आणि तो पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटते: दुसरे कोणी करत नाही म्हणून पोलिसांच्या गळ्यात पडलेले काम. भ्रमिष्ट माणसाला मनोरुग्णालयापर्यंत नेणारी दुसरी यंत्रणा रात्री दोन वाजता उपलब्ध नसते. टँकरची रांग पाणी नीट आले असते तर लागलीच नसती. मार खाल्लेल्या बाईला त्या रात्रीपुरता निवारा हवा असतो आणि तिच्या हाती एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, पावती पडते.

समाजवादी समाज पोलिसांचे काम कमी करील हा दावा मुख्यतः या शेवटच्या ढिगाबाबत खरा ठरू शकतो, आणि तोही घर, पाणी, उपचार आणि समुपदेशन यांवर खरोखर पैसा खर्च झाला तर. दुसरा ढीग मालकीचे स्वरूप बदलल्यावर आक्रसेल, पण नाहीसा होणार नाही. सरकारी गोदामातले धान्यही चोरीला जाते. तिसऱ्या ढिगाविषयी मात्र वर्गाला सावध करावे. ज्या सरकारला आपण इतिहासाच्या बाजूने उभे आहोत अशी खात्री असते, त्याला विरोधकांवर नजर ठेवण्याची गरज इतरांपेक्षा अधिकच वाटू लागते.

आता मनाई आदेशाचे कात्रण बाहेर काढावे आणि ते सावकाश, मोठ्याने वाचावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली निघणारा हा आदेश पुण्यात इतक्या नेमाने निघतो की वर्तमानपत्रात कोणी त्याकडे पाहतही नाही. शस्त्रे, सोटे, भाले, तलवारी बाळगू नयेत येथवर कोणाची हरकत नसते. पुढे दगड जमवू नयेत असे येते. मग व्यक्तींच्या किंवा प्रेतांच्या प्रतिमांचे प्रदर्शन करू नये, म्हणजे पुतळा जाळण्याआधीच गुन्हा. मग घोषणा, गाणी आणि वाद्ये. मग आवेशपूर्ण भाषणे, हावभाव आणि नकला. जमाव आणि मिरवणुकीची बंदी राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांहून अधिक काळ ठेवता येत नाही, म्हणून नवा आदेश निघतो, पुन्हा निघतो. पथनाट्य करणाऱ्या सभासदांना विचारावे की आपले कोणते नाटक या यादीत बसत नाही.

येथेच आयुक्तालयाची रचनाही समजावून द्यावी. पुणे शहरासाठी १९६५ पासून आणि पिंपरी-चिंचवडसाठी १५ ऑगस्ट २०१८ पासून पोलीस आयुक्तालय आहे. ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांना बंदी हवी असेल तर ती जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे मागावी लागते. आयुक्तालयात बंदी मागणारे आणि घालणारे एकाच इमारतीत बसतात. चॅप्टर केसमध्ये, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच्या प्रतिबंधक कारवाईत, चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून घेणारे सहायक आयुक्त आणि तडीपारीचा आदेश काढणारे उपायुक्त हेही पोलीसच असतात. समाजवादी सरकार आले तर हे अधिकार ते सोडून देईल की आनंदाने वापरील, या प्रश्नावर हात वर करून मत घ्यावे आणि आकडा वहीत लिहून ठेवावा. चौथ्या बैठकीत तो पुन्हा पाहायचा आहे.

वेळ उरल्यास १८९७ चा उल्लेख करावा. २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेल्यावर सरकारने पुण्यात शिक्षेदाखल जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च शहरातील रहिवाशांवर लादला. एखाद्याच्या कृत्यासाठी सगळ्या गावाला दंड करणे ही वसाहतवादी पोलिसांची पद्धत होती, आणि वर्गशत्रू ठरवून सगळ्या गावाला दंड करण्याचा मोह इतरांनाही झालेला आहे.

दुसरी बैठक: बाहेरचे अनुभव

ही बैठक लांबवू नये. पॅरिस, मॉस्को आणि बर्लिन यांवर बोलायला पुण्यात माणसे कमी नाहीत आणि त्यांना आवर घालणे हेच संयोजकाचे काम असते. प्रत्येक अनुभवातून फळ्यावरच्या तीन प्रश्नांची उत्तरे तेवढी काढून घ्यावीत.

१८७१ च्या पॅरिस कम्यूनबद्दल, म्हणजे पॅरिसमधील अल्पजीवी क्रांतिकारी कामगार सरकारबद्दल, मार्क्सने असे नोंदवले की पोलिसांचे राजकीय स्वरूप काढून घेऊन त्यांना कम्यूनला जबाबदार आणि केव्हाही परत बोलावता येईल असे सेवक बनवले गेले. जाब विचारण्याचे याहून सुटसुटीत उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. मात्र त्याच कम्यूनच्या पोलीस कारभाराची सूत्रे राऊल रिगो याच्या हाती होती, त्याने ओलीस म्हणून माणसे पकडली, आणि मे अखेर त्यांतल्या काहींना, पॅरिसच्या आर्चबिशपसह, गोळ्या घातल्या गेल्या. तत्त्व आणि व्यवहार एकाच गावात, एकाच दहा आठवड्यांत होते.

रशियात फेब्रुवारी १९१७ च्या क्रांतीनंतर झारचे पोलीस बरखास्त होऊन त्यांच्या जागी मिलिशिया, म्हणजे नागरिकांचे दल, आली; एप्रिलमध्ये लेनिनने पोलीस, खडे सैन्य आणि नोकरशाही रद्द करण्याची मागणी केली; आणि डिसेंबरमध्ये झेर्झिन्स्कीच्या नेतृत्वाखाली चेका ही गुप्त पोलीस यंत्रणा स्थापन झाली. एप्रिल ते डिसेंबर एवढाच काळ. त्यानंतर यादवी युद्ध झाले, परकी सैन्ये आली, हे सांगणे योग्यच आहे, पण युद्ध संपल्यावरही यंत्रणा नाव बदलून राहिली आणि १९३७-३८ या दोन वर्षांत राजकीय आरोपांखाली सुमारे ६.८ लाख माणसांना मृत्युदंड दिला गेला. या काळात ती यंत्रणा चालवणारा येझोव्ह आणि त्याच्या आधीचा प्रमुख यागोदा हे दोघेही स्वतः गोळीला बळी पडले. जाब विचारणारा बाहेरचा कोणी नसेल तर आतल्यांनाही संरक्षण उरत नाही, एवढा मुद्दा पुरे. पूर्व जर्मनीत १९८९ मध्ये सुमारे १.६ कोटी लोकसंख्येसाठी श्टाझी या गुप्त पोलीस खात्याचे ९१ हजारांच्या आसपास पगारी कर्मचारी होते, खबरे वेगळे.

लोकसहभागाच्या प्रयोगांना अधिक वेळ द्यावा, कारण ते वरवर फार आकर्षक दिसतात. सोव्हिएत संघात १९५९ पासून दंडाला लाल फीत बांधून संध्याकाळी गस्त घालणारी कामगारांची स्वयंसेवक पथके होती. क्युबात २८ सप्टेंबर १९६० पासून गल्लोगल्ली समित्या आहेत. त्या लसीकरण आणि रक्तदान उत्तम रीतीने करतात आणि शेजाऱ्यांवर नजरही ठेवतात. आपल्या गृहनिर्माण सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात कोणाकडे किती वाजता कोण आले याची नोंद ठेवणारे सभासद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या समित्यांची दुसरी बाजू वेगळी समजावून सांगावी लागत नाही. याच अनुषंगाने आपल्याकडची महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम घ्यावी. ती १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली आणि बांधाचे कितीतरी तंटे तिने गावातच मिटवले. पण तडजोड म्हणजे दलिताने किंवा सुनेने गप्प बसणे असा अर्थ जेथे झाला तेथे तंटा न मिटता केवळ तक्रार बंद झाली. १९८८ नंतर भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी उभारलेल्या मोहल्ला समित्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना शांत राहिलेली भिवंडी, हे याच चर्चेतले उजळ उदाहरण आहे. तेथे लोकांना शेजाऱ्यावर पहारा ठेवायला सांगितले नव्हते. दोन्ही समाजांच्या माणसांना पोलिसांसह नियमित एकत्र बसवले होते.

तिसरी बैठक: १९५४ ची तार

हा सगळ्या वर्गाचा गाभा आहे. पूर्ण संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवावी.

हकीकत अशी. मार्च १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीन राज्यात, म्हणजे मुख्यतः आजच्या केरळात, प्रजासमाजवादी पक्षाचे पट्टम थाणू पिल्लै मुख्यमंत्री झाले. पक्षाचे आमदार थोडे होते आणि सरकार काँग्रेसच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभे होते. दक्षिणेकडील तमिळभाषक तालुके मद्रास राज्यात जावेत यासाठी आंदोलन चालू होते. ११ ऑगस्ट १९५४ रोजी आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे दगावली. पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया त्या वेळी उत्तर प्रदेशातील कालव्याच्या पाणीपट्टीविरोधी आंदोलनामुळे नैनीच्या तुरुंगात होते. तेथून त्यांनी आपल्याच पक्षाच्या सरकारला तार केली: चौकशी करा आणि राजीनामा द्या. सरकारने राजीनामा दिला नाही. नागपूरच्या विशेष अधिवेशनात बहुमत लोहियांच्या विरुद्ध गेले, पक्षातील तेढ वाढत गेली, आणि १९५५ च्या अखेरीस त्यांनी वेगळा समाजवादी पक्ष स्थापन केला. पिल्लै यांचे सरकार त्याआधीच, फेब्रुवारी १९५५ मध्ये, पडले होते.

वर्गाचे चार गट करावेत आणि प्रत्येकाला एक बाजू चिठ्ठी टाकून द्यावी, म्हणजे कोणालाही आपल्या आवडीची बाजू घेता येणार नाही. पहिल्या गटाने लोहियांची बाजू मांडावी: स्वतंत्र देशातल्या सरकारने, आणि त्यातही समाजवादी सरकारने, निःशस्त्र लोकांवर गोळी चालवली तर राजीनामा ही त्याची किमान किंमत आहे, ती दिली नाही तर काँग्रेसच्या गोळीबारांचा निषेध करण्याचा नैतिक अधिकार आपण गमावतो. दुसऱ्या गटाने मुख्यमंत्र्यांची बाजू तितक्याच जोराने मांडावी: जमाव हिंसक झाला होता का, हे चौकशीआधी तुरुंगात बसून कसे ठरवता येईल, प्रत्येक गोळीबारावर सरकार पडणार असेल तर ते पाडण्यासाठी गोळीबार घडवून आणणे विरोधकांना सोपे जाईल, आणि अल्पमतातील सरकार पाडून गरिबांच्या पदरात काय पडणार. तिसरा गट मृतांच्या नातेवाइकांचा. त्यांना पक्षाच्या तत्त्वांशी कर्तव्य नाही; हुकूम कोणी दिला, हे त्यांना हवे आहे. चौथा गट बंदूक हातात असलेल्या शिपायांचा.

या चौथ्या गटाकडे संयोजकाने विशेष लक्ष द्यावे, कारण तेथे चर्चा हमखास अडखळते. शिपायाला हुकूम नाकारण्याचा अधिकार असावा का? समाजवादी मांडणीत शिपाई हा कामगार आहे असे म्हणतात. मग त्याला संघटना असावी का? संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने आणि १९६६ च्या पोलीस दल (हक्क निर्बंध) अधिनियमाने त्यावर मर्यादा घातल्या आहेत. मुंबईत १८ ऑगस्ट १९८२ रोजी पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेवर सरकारने घाला घातला तेव्हा शिपाई रस्त्यावर आले, दंगल उसळली आणि लष्कर बोलवावे लागले. विसर्जन मिरवणुकीला चोवीस तासांहून अधिक काळ लक्ष्मी रस्त्यावर उभा असलेला शिपाई रात्री लाठी कशी चालवतो, याचा संबंध त्याच्या तत्त्वज्ञानापेक्षा त्याच्या पायांशी अधिक असतो. माहिती अधिकारात मिळालेला रद्द सुट्ट्यांचा आकडा येथे वाचून दाखवावा. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, म्हणजे हे अशक्य नाही. संघटनेचा आणि आठ तासांचा हक्क नाकारून पोलिसांना लोकाभिमुख करण्याच्या गोष्टी मला पोकळ वाटतात.

वादविवादानंतर पुढच्या घटना थोडक्यात सांगाव्यात. केरळात १९५७ मध्ये ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या कम्युनिस्ट सरकारने कामगार व शेतकऱ्यांच्या न्याय्य लढ्यांत पोलीस मालकांच्या बाजूने उतरणार नाहीत, असे धोरण जाहीर केले. हे धोरण आजही शब्दशः वाचण्यासारखे आहे. पण २६ जुलै १९५८ रोजी चंदनतोपे येथे काजू कामगारांवर गोळीबार होऊन दोन कामगार मेले, आणि जून १९५९ मध्ये अंगमाली येथे सरकारविरोधी आंदोलकांपैकी सात. बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या काळात, १४ मार्च २००७ रोजी, नंदीग्राममध्ये जमिनीसाठी उभ्या राहिलेल्या १४ जणांचा बळी गेला. यांतल्या प्रत्येक ठिकाणी १९५४ चाच प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि तार करणारा सरचिटणीस कोठेही निघाला नाही.

पुण्यात जन्मलेल्या मधू लिमये यांचे दोन खटले याच संध्याकाळी सांगावेत, विशेषतः वर्गात वकील असतील तर. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी बिहारमधील लखीसराय स्थानकावर त्यांना अटक झाली. अटकेची कारणे कळवली नाहीत या मुद्द्यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयात स्वतः युक्तिवाद केला आणि अनुच्छेद २२ (१) चा भंग झाला म्हणून न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला. जमावबंदीच्या कलम १४४ लाच त्यांनी आव्हान दिले तेव्हा मात्र १९७० मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने ते कलम वैध ठरवले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ च्या रूपाने चालू आहे. समाजवाद्यांनी पोलिसांविषयी काय मिळवले आणि काय मिळवायचे राहिले, हे या दोन निकालांच्या मध्ये बरोबर दिसते.

चौथी बैठक: मसुदा

शेवटच्या बैठकीत वर्गाने दोन पानांचा मसुदा तयार करायचा आहे: समाजवादी महाराष्ट्रात एका पोलीस ठाण्याचा कारभार कसा चालेल. मसुदा हवेत राहू नये म्हणून तो एका खऱ्या संघर्षावर तपासून पाहावा, आणि त्यासाठी मावळइतके योग्य उदाहरण दुसरे नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले.

या प्रकरणातली अडचण अशी की एका बाजूला तहानलेले औद्योगिक शहर, म्हणजे मुख्यतः कामगार, आणि दुसऱ्या बाजूला शेतकरी. मालक आणि मजूर अशी सोपी वाटणी येथे करता येत नाही. धरण, वाहिनी आणि कारखाने सगळे सार्वजनिक मालकीचे झाले तरी पाणी तेवढेच राहील आणि कोणाला तरी कमी मिळेल. मग रस्ता अडवून बसलेल्या शेतकऱ्यांसमोर समाजवादी समाजातला फौजदार काय करील, हे मसुद्यात लिहायचे आहे. "संवाद साधेल" हे उत्तर एकदाच मान्य करावे. संवाद फसल्यावर काय, हे विचारावे. बोलणी कोण करील, किती तास वाट पाहिली जाईल, गोळ्या भरलेली शस्त्रे जागेवर न्यायचीच का, आणि न्यायची तर हुकूम लेखी कोणाचा, हे कलमवार लिहून घ्यावे.

जाब कोणी विचारायचा या कलमावर सर्वाधिक वेळ जातो. पोलीस ठाणे प्रभागाच्या निवडून आलेल्या समितीला जबाबदार असावे, असे बहुतेक सभासद म्हणतात. त्यांना आठवण द्यावी की पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर कित्येक वर्षे शहराला निवडून आलेले सभागृहच नव्हते; शिवाय ठाण्यातल्या कोणत्या गुन्ह्यात कोणत्या नगरसेवकाचा फोन येतो, हे निवृत्त हवालदारांकडून आधीच ऐकलेले असेल. प्रकाशसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी दिलेले निर्देश येथे आधाराला घ्यावेत: अधिकाऱ्यांना निश्चित कार्यकाळ, तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची फारकत, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण. माझ्या मते समितीला ठाण्याचे अग्रक्रम ठरवण्याचा, अंदाजपत्रक पाहण्याचा आणि अधिकाऱ्याला परत पाठवण्याची शिफारस करण्याचा अधिकार द्यावा, पण कोणाला पकडायचे आणि कोणाला सोडायचे यात तिला बोट घालू देऊ नये. तो निर्णय कायद्याने आणि न्यायालयानेच तपासला पाहिजे, मग सत्तेवरचा पक्ष कितीही आपला असो. तक्रार प्राधिकरणात निदान निम्मी माणसे अशा समाजांतली असावीत ज्यांना पोलिसांची सर्वाधिक झळ बसते. गोपनीय शाखेविषयी वेगळे कलम हवेच, आणि पक्षांवर, संघटनांवर किंवा संपांवर पाळत ठेवण्याची मनाई त्यात स्पष्ट शब्दांत लिहावी.

पहिल्या बैठकीत मनाई आदेशांच्या अधिकारावर घेतलेले मत आता पुन्हा घ्यावे आणि दोन्ही आकडे मसुद्यात नोंदवावेत. गोळीबाराच्या कलमावरचे मतदान मात्र हात वर करून न घेता नाव घेऊन घ्यावे: आपल्या सरकारच्या पोलिसांनी निःशस्त्र जमावावर गोळी चालवली तर सरकारने राजीनामा द्यावा की नाही. ज्यांचे मत वेगळे पडेल त्यांची भिन्नमतपत्रिका मसुद्याला जोडावी आणि तिची लांबी मूळ मसुद्याहून अधिक झाली तरी ती कापू नये. प्रती काढताना एक प्रत निवृत्त हवालदारांकडे लाल पेन्सिलीसह द्यावी, एक कचरावेचक स्त्रियांच्या बैठकीत वाचून दाखवावी, आणि दोन्हीकडून आलेल्या दुरुस्त्या ज्यांच्या त्यांच्या नावानिशी समासात छापाव्यात.